गच्चीवरचे बावीस सेकंद

लढाई सुरू झाली तेव्हा माझा नवरा गौरव पुण्यात होता. त्याच्या वडिलांचं ऑपरेशन होतं, म्हणून दहा दिवसांची लीव्ह घेऊन गेला होता. तिसऱ्या दिवशी इकडे बहरीनचा विमानतळ बंद झाला. पाचव्या दिवशी सौदीला जोडणाऱ्या पुलाजवळ क्षेपणास्त्र पडलं आणि पूलही बंद झाला. मालाची जहाजं लांब समुद्रात उभी होती, बंदराला लागायला कुणी तयार नव्हतं. नकाशावर बहरीन किती लहान आहे हे मला नऊ वर्षांत कधी जाणवलं नव्हतं. त्या आठवड्यात जाणवलं.

नईम भागातल्या जुन्या इमारतीत पाचव्या मजल्यावर मी आणि माझी आठ वर्षांची मुलगी सावनी, दोघीच होतो. मी एका आर्किटेक्टच्या ऑफिसात स्ट्रक्चरल इंजिनिअर आहे. ऑफिस बंद, ईसा टाउनची शाळा ऑनलाइन. हल्ल्याचा इशारा म्हणून फोन एका विशिष्ट आवाजात किंचाळला की आम्ही बाथरूमच्या बाहेरच्या पॅसेजमध्ये जाऊन बसायचो, कारण तिथे खिडकी नव्हती. कुठला स्लॅब किती धक्का सोसेल याचं गणित मला येतं. त्याचा त्रासच जास्त झाला. आमच्या इमारतीचे तडे गेलेले कॉलम मी पार्किंगमध्ये रोज बघत आले होते.

त्या दिवसांत आमच्याकडे येणारा एकच माणूस होता, बाळाजीभाऊ. आमच्या ऑफिसचे ड्रायव्हर. गुहागरच्या बाजूचे, पन्नाशीचे, बावीस वर्षं बहरीनमध्ये. एरवी ते मला मॅडम म्हणत. चौथ्या दिवशी पाण्याचे दोन कॅन खांद्यावर घेऊन जिन्याने पाच मजले चढून आले आणि दारात म्हणाले, "ताई, लिफ्टमध्ये चढू नका आता. मधेच लाइट गेली तर अडकाल." तेव्हापासून ते ताईच म्हणू लागले. बेकरीसमोर तासभर रांगेत उभं राहून ते आमच्यासाठी खुबूस, इथली रोटी, आणत. टोमॅटो बाजारातून गायब झाले होते, तरी एकदा त्यांनी कुठूनतरी चार मिळवले. सावनीला म्हणाले, "यल्ला, चल, आज सार करायला सांग आईला."

हल्ल्यांचे फोटो, व्हिडिओ काढू नका, पाठवू नका, असा मेसेज पहिल्याच दिवशी सगळ्यांच्या फोनवर आला होता. अरबी, इंग्रजी, हिंदी, मल्याळम. मी तो वाचला होता. वाचला नव्हता असं मला म्हणता येणार नाही.

अकराव्या दिवशी सकाळी गौरवशी माझं भांडण झालं. तो म्हणाला, "अगं, इथे बातम्यांत तर सगळं कंट्रोलमध्ये आहे म्हणतायत. तू उगाच पॅनिक होतेस." आदल्या दिवशी आम्ही तीन वेळा पॅसेजमध्ये बसलो होतो. सावनीने अंथरूण ओलं केलं होतं, पाच वर्षांत पहिल्यांदा. मी फोन ठेवला. वरच्या टाकीत पाणी किती उरलंय ते बघायला सावनीला घेऊन गच्चीवर गेले, आणि आम्ही वर असतानाच बंदराच्या बाजूला आकाशात काहीतरी फुटलं. आवाज नंतर आला. जळता तुकडा खाली गेला आणि गोदामांमागून काळा धूर उठला. मी सावनीला ओढून खाली न्यायला हवं होतं. मी फोन काढला. गौरवला दाखवायचं होतं, बाकी काही नाही. बावीस सेकंद. त्यात सावनी विचारते, "मम्मा, इज दॅट अवर्स ऑर देअर्स?"

गौरवला व्हिडिओ पाठवला. त्याने उलट एकच ओळ लिहिली, "सॉरी." मला बरं वाटलं, हेही सांगायला हवं.

दुपारी बाळाजीभाऊ पाणी घेऊन आले. मी त्यांना व्हिडिओ दाखवला. त्यांनी तो दोनदा पाहिला.

"ताई, मला पाठवा ना हा."

"कशाला?"

"आमची काशी झोपत नाय हो. टीव्हीवर दाखवतात, अख्खं बेट जळतंय. ह्याच्यात कसा, धूर एकाच जागी हाय, बाकी घरा उभी हायत. बघेल तर जरा धीर येईल तिला."

मी पाठवला. जपून ठेवा, कुणाला देऊ नका, एवढंसुद्धा बोलले नाही.

त्यांच्या बायकोने, काशीबाईंनी, तो गावच्या ग्रुपवर टाकला, त्याच कारणाने, की बघा, आमचे हे सुखरूप आहेत. तिथून तो कुठे कुठे गेला कोण जाणे. दुसऱ्या दिवशी सकाळी दहा वाजता एका हिंदी चॅनलवर मी माझी गच्ची पाहिली. आमची पाण्याची टाकी, शेजारच्या इमारतीवरची डिश, आणि माझ्या मुलीचा आवाज. खाली लाल पट्टी फिरत होती. त्यांनी बंदराचं नाव सांगितलं, धूर कुठून निघतोय ते बाणाने दाखवलं.

मी माझ्या फोनमधून व्हिडिओ काढून टाकला. गौरवला काढायला लावला. मग बाळाजीभाऊंना फोन केला.

"भाऊ, तो व्हिडिओ टीव्हीवर आलाय."

"हां ताई, मघाशी काशीचा फोन आलेला. ती रडत होती. चुकला आमचा."

"ते जाऊ दे. माझं चॅट डिलीट करा. आत्ताच्या आत्ता. सगळं."

"करतो ना."

"आत्ता करा. मी फोनवर आहे."

थोडा वेळ नुसता त्यांच्या श्वासाचा आवाज आला. मग म्हणाले, "केला ताई. खलास."

गॅलरीतला व्हिडिओ वेगळा काढावा लागतो, हे त्यांना माहीत नव्हतं. मला माहीत होतं. त्या क्षणी ते माझ्या डोक्यात आलंच नाही, असं मी स्वतःला पुष्कळदा सांगितलं आहे. मला माझं नाव पुसायचं होतं. ते पुसलं गेल्यावर मी पुढे विचार केला नाही.

दोन दिवसांनी नाक्यावर गाड्या थांबवून फोन तपासत होते. तिथे बाळाजीभाऊ पकडले गेले. व्हिडिओ त्यांच्या गॅलरीत होता, तो त्यांच्याच फोनवरून भारतात गेला होता, आणि तो त्यांना कुणी पाठवला याचा मागमूस नव्हता. मी तो पुसायला लावला होता.

ऑफिसच्या मॅनेजरने एकेकाला फोन करून विचारलं. मला विचारलं, "व्हिडिओ त्याने कुठून काढला, तुला काही माहीत आहे?"

मी म्हणाले, "नाही."

पुढे म्हणाले, "ते फक्त पाणी आणून देत होते आम्हाला." हे बोलताना माझा आवाज अगदी नेहमीसारखा होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी सबा आली. सबा माझ्या ऑफिसातली ड्राफ्ट्समन, इथलीच, बहरीनी. तिच्या वडिलांचं बाब अल बहरीनच्या बाजारात कापडाचं दुकान आहे, गिऱ्हाइकांशी बोलता बोलता ती हिंदी शिकली. तिने सावनीसाठी खजूर आणले होते. सावनी आतल्या खोलीत ऑनलाइन वर्गात होती. सबाने दार लोटून घेतलं आणि हळूच विचारलं, "यह सावनी की आवाज़ है ना?"

मी आतल्या खोलीच्या दाराकडे पाहिलं.

"बाळाजीने सांगितलंय की व्हिडिओ त्यानेच काढला," ती म्हणाली. "माझा चुलतभाऊ पोलिसांत कामाला आहे. लहान मुलीचा आवाज कुणाचा, असं विचारलं तर म्हणाला, गच्चीवर कुणाची तरी पोर खेळत होती, मी ओळखत नाही."

मी रडायला लागले. म्हणाले, "मी पोलिसांकडे गेले आणि मला ठेवून घेतलं तर? सावनीचं इथे कोण आहे? विमानतळ बंद, पूल बंद. गौरव येऊ शकत नाही."

सबा म्हणाली, "माझ्या घरी राहील. माझी आई आहे, बहिणी आहेत. तू म्हणशील तितके दिवस."

एवढं सोपं उत्तर मिळेल असं मला वाटलं नव्हतं. तोपर्यंत माझ्याजवळ सांगण्यासारखं कारण होतं. सबाने ते काढून घेतलं आणि खाली राहिली ती नुसती भीती. मी म्हणाले, "उद्या जाऊ."

दुसऱ्या दिवशी सकाळी दोन हल्ले झाले, बाहेर पडायची सोयच नव्हती. त्याच्या पुढच्या दिवशी सावनीला ताप होता. त्याच्याही पुढच्या दिवशी मी सबाचा फोन घेतला नाही. गौरव म्हणाला, "थांब, घाई करू नकोस, मला तिकडे पोहोचू दे." मी त्याचं ऐकलं, कारण मला तेच ऐकायचं होतं. आमच्याकडे आता पाणी आणणारं कुणी नव्हतं. मी खाली जाऊन कॅन उचलायचे, दर मजल्यावर टेकवायचे, आणि वर येईपर्यंत छातीत धडधडायचं. ते दोन कॅन घेऊन चढायचे, एका वेळी.

सबा येऊन गेल्यानंतर पाचव्या दिवशी तह झाला. लोक रस्त्यावर आले, गाड्यांचे हॉर्न वाजले. सहाव्या दिवशी पूल उघडला. नवव्या दिवशी सकाळी मी सावनीला सबाच्या आईकडे सोडलं आणि सबाला घेऊन पोलीस स्टेशनला गेले.

अधिकारी माझ्याच वयाचा असेल. त्याचे डोळे झोप नसल्यासारखे लाल होते. मी सगळं सांगितलं, सबाने अरबीत सांगितलं. माझा रेसिडेंट आयडी घेतला, फोन घेतला. मग त्याने संगणकात पाहिलं आणि सबाशी काहीतरी बोलला. सबा माझ्याकडे न बघता म्हणाली, "त्याला पाठवून दिलं. पूल उघडला त्याच दिवशी, पहिल्या बसमधून. सौदीहून विमानाने. त्याने कबुलीवर सही केली होती. आता परत कधी येता येणार नाही."

"पण व्हिडिओ मी काढला. हे लिहून घ्या ना."

त्याने लिहून घेतलं. दहापासून चारपर्यंत मी तिथे बसले होते. मला पाणी दिलं, चहा दिला. शेवटी एका कागदावर सही घेतली, की पुन्हा असं करणार नाही. लढाई संपली आहे, घरी लहान मूल आहे, स्वतःहून आली आहे, म्हणून जा. बाळाजीभाऊंच्या कबुलीच्या कागदाचं काय, असं मी विचारलं. तो म्हणाला, तो कागद बंद झाला, बदलायचा तर वकिलामार्फत वर अर्ज करावा लागेल.

निघताना त्याने सबाला एक प्रश्न विचारला. सबाने तो मला सांगितला. "तो माणूस तुझा कोण लागतो?"

"ऑफिसचे ड्रायव्हर," मी म्हणाले. मला दुसरं काही सुचलं नाही.

जी मला सहीवर सुटका मिळाली, ती नऊ दिवस आधीही मिळाली असती का, मला माहीत नाही. तेव्हा बॉम्ब पडत होते, माणसं चिडलेली होती. कदाचित नसती मिळाली. पण बाळाजीभाऊ तेव्हा इथेच होते, माझ्या घरापासून वीस मिनिटांवर. एवढं मला माहीत आहे.

त्या संध्याकाळी मी त्यांच्या गावी फोन लावला. त्यांनीच उचलला.

"ताई! कशा हायत? सावनी बरी हाय ना? आता टोमॅटो मिळायला लागले असतील."

मी सांगितलं की आज जाऊन आले, सगळं सांगितलं.

"कशाला गेलात? झाला होता ना सगला."

"भाऊ, तुम्ही माझं नाव का घेतलं नाहीत?"

"पोर एकटी राहिली असती तुमची. माझा काय, माझी माणसा घरी सुखरूप होती. मी कधीतरी परत येणारच होतो."

विचारू नये ते मी विचारलं. "मी येईन असं वाटलं होतं का तुम्हाला?"

ते हसल्यासारखे झाले. "पयले दोन दिवस वाटला. दार वाजला की वाटायचा. मग म्हटला, नको येऊ देत, तेच बरा."

मला रडू आलं. तेवढ्यात पलीकडे कुजबुज झाली आणि फोन काशीबाईंच्या हातात गेला. मी त्यांच्याशी आधी कधी बोलले नव्हते.

"मी काशी बोलत्ये. ग्रुपवर मी टाकला, ती चूक माझी. मी ती रोज बोलत्ये ह्यांच्याजवळ. तुम्ही तुमची बोलायला किती दिस लावलात?"

"नऊ," मी म्हणाले.

"ह्यांचा मन मोठा हाय. माझा नाय," त्या म्हणाल्या. आवाज चढलेला नव्हता. "आता रडू नका. तिथे काय करता येईल ता करा. झाला तर फोन करा. नायतर नको."

गौरव आठवड्याने आला. सगळं ऐकून म्हणाला, "सांगितलंस ना आता? मग सोड." तो वाईट माणूस नाही. त्याला मी हवी होते, धडधाकट, घरात. मी त्याच्याशी त्या विषयावर पुन्हा बोलले नाही.

सावनीला मात्र सांगितलं. ती म्हणाली, "बट यू टोल्ड मी टू ऑलवेज से इफ आय डिड इट." मी म्हणाले, "हो, आणि मी उशीर केला." तिने आपला होमवर्क पुढे ओढला.

सबाच्या ओळखीचा एक वकील आहे. त्याच्यामार्फत मी अर्ज केला, पहिला परत आला, दुसरा दिला. मॅनेजरला लेखी कळवलं की तेव्हा मी खोटं बोलले होते. त्याने मला काढलं नाही, पण मीटिंगमध्ये आता माझ्याशी कामापुरतंच बोलतो. वकील म्हणतो, वर्ष लागेल, दोन लागतील, होईलच असं नाही. बाळाजीभाऊ गावात दुसऱ्याचा टेम्पो चालवतात. सणावाराला त्यांचा मेसेज येतो, फुलांचं चित्र असलेला. मी उत्तर देते. काशीबाईंना अजून फोन केलेला नाही.