बाहेरची कडी

तिने स्वतःच्याच दुसऱ्या कादंबरीचं दोनशे बारावं पान उघडलं, त्यावर पट्टी आडवी ठेवली आणि कोऱ्या कागदावर उतरवायला घेतलं. निबचा आवाज बाहेर जायला हवा म्हणून जरा दाबूनच. दाराबाहेर नवरा खुर्ची टाकून बसला होता. वर्तमानपत्राचं पान उलटायचं झालं की तो आधी ते अलगद सोडवून घेई, मग श्वास धरून पलटी.

दाराला बाहेरून कडी होती. दार ढिलं होतं आणि नात, आता चार वर्षांची, ते ढकलून आत येई, म्हणून नवऱ्यानेच कडी बसवली होती. सहाला लागायची, नऊला निघायची. दीड वर्षात एक दिवस चुकला नव्हता. नेम म्हणजे नेम.

नेम तिच्याच तोंडून निघालेला. मुलाखत घेणाऱ्या मुलीने विचारलं होतं, "तुम्ही लिहिता कधी?" आता चारही कादंबऱ्या तिने ओट्याशी उभ्याने लिहिलेल्या. दूध वर येईपर्यंतच्या वेळात, सामानाच्या याद्यांच्या पाठीवर, कुणी हाक मारली की अर्धं वाक्य डब्याखाली सरकवून. पण फोटोसाठी लावलेल्या त्या झगझगीत दिव्यांखाली हे सांगायची तिला लाज वाटली.

"सकाळी सहा ते नऊ मी दार लावून घेते," ती म्हणाली. "त्या वेळात घर माझ्यासाठी नसतंच."

छापून आलेलं नवऱ्याने दोनदा वाचलं, चष्मा पुसून तिसऱ्यांदा वाचलं.

"लावून घ्यायला आपल्याकडे दार होतं कुठे?" तो म्हणाला. "म्हणजे तुला हे हवं होतं. तीस वर्षांत एकदा तरी बोलायचंस."

महिन्याभरात अडगळीची खोली रिकामी झाली, भिंतींना रंग लागला. तिच्या कोपराच्या उंचीचं माप घेऊन त्याने सुताराकडून टेबल करून घेतलं. दारावरची घंटी निघाली, सुनेला सकाळचा कुकर बंद झाला. टेबलावरून हात फिरवत उभ्या असलेल्या त्या माणसाला काय सांगणार, आणि कोणत्या तोंडाने?

पहिल्या दिवशी एक ओळ सुचली नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. शांतता कानात बोळ्यासारखी बसे. आठव्या दिवशी दाराआडून नवऱ्याने हळूच विचारलं, "निब बदलून देऊ का गं? आवाज येत नाहीये."

तेव्हापासून ती जुनंच उतरवू लागली. पहिली कादंबरी संपली, दुसरी सुरू झाली. गठ्ठा वाढत गेला. तो रोज पानं मोजी, पण वाचत नसे. "तू हातात देशील तेव्हा," म्हणे.

आज दहा वाजता प्रकाशक यायचे होते. "चारशेच्या वर झालीत," असं नवऱ्याने परस्पर फोनवर सांगून टाकलं होतं. गठ्ठा बांधायला निळी फीतही आणून ठेवली होती. तिने फितीकडे पाहिलं आणि पट्टी एक ओळ खाली सरकवली.

स्वयंपाकघर भिंतीपलीकडेच होतं. भिंतीत वर एक झरोका होता. तो पलीकडून कायम बंद असे, आज उघडा होता. तिथून सुनेची कुजबुज आली.

"एवढा एकच घास. मग सांगते."

"आधी सांग."

"बरं बाई. एक होती म्हातारी. ती पेटीत राहायची."

"पेटीत का?"

"ती आत बसून मोती करते, असं सगळ्यांना वाटायचं. म्हणून सगळे वरून झाकण लावायचे आणि चवड्यांवर चालायचे."

"आपल्यासारखे?"

"आ कर. हो, आपल्यासारखे."

"मग झाले मोती?"

"छे गं. मोती ती आधी करायची, चुलीपाशी, सगळ्यांचे धक्के खात. पेटीत नुसती जुनी माळ उसवायची आणि परत ओवायची. बाहेर आवाज यायला हवा ना."

तिचा हात थांबला. निबखाली शाईचा ठिपका पसरत गेला.

"मग ती ओरडत का नाही?"

"ओरडली तर सगळ्यांना कळेल, आत मोतीच नाहीत."

नात बराच वेळ चावत राहिली.

"मग कळू दे की," ती म्हणाली. "तिला भूक लागली असेल."

नळ सुटला, भांडी एकमेकांवर आपटली. दीड वर्षात ऐकू आला नव्हता असा खणखणाट.

तिने समोरचा कागद उलटा केला. एक होती म्हातारी, ती पेटीत राहायची. पुढची ओळ सुनेची नव्हती, त्याच्या पुढचीही नव्हती. कागद भिंतीला टेकवून ती भराभरा लिहीत होती. पाचव्या ओळीला तिच्या ध्यानात आलं, आपण उभ्या आहोत, झरोक्याखाली.

वाक्य अर्धंच राहिलं. कागदाची घडी तिने कमरेशी खोचली. चारशे पानांचा गठ्ठा, फीत न बांधताच, दोन्ही हातांनी छातीशी धरला आणि दारापाशी गेली. हात अडकलेले होते, म्हणून तिने दारावर कोपर मारलं.

बाहेर वर्तमानपत्र गप्प झालं.

"काय गं?" नवरा दबक्या आवाजात म्हणाला. "अजून पावणेदोन तास आहेत."

"अहो, कडी काढा. हे तुमच्या हातात द्यायचंय."

खुर्ची हलली नाही. तिने पुन्हा कोपर मारलं, या वेळी जोरात.

"आई!" पलीकडून नात ओरडली, चांगली गळा काढून. "म्हातारी वाजवतेय!"