तुळशीआजीचे दगड

आमच्या बाज्याला आपली मुलगी नाकारताना दिवाल्या म्हणाला, "तुम्ही संवत छप्पनच्या दुष्काळात डोंगर सोडून पळालेली माणसं. आधी तुमचे आजा-आजी कुठे पुरलेत ते दाखवा, मग सोयरीक बोला." माझ्या धाकट्या भावाचं तोंड उतरलं. मी थोरली बहीण, माझं मात्र डोकंच फिरलं.

"बा, ऊठ. आपण जागा दखाडसूत," मी वडिलांना म्हटलं.

बा लगेच तयार. "मन्हा बाप वाघशी लढेल शे. त्याले कोन इसरस?" जन्मभर म्हसावदच्या शेतांत राबताना त्याने हीच फुशारकी मारली होती. बापाच्या थडग्यावर शिंपडायला त्याने मोहाची दारूही घेतली.

तळोद्यापुढे डोंगर चढून आम्ही दिवाल्याच्या पाड्यावर पोचलो. दिवाल्या हाताची घडी घालून उभा राहिला. थडगी दाखवायला पुढे झाली ती त्याची म्हातारी आई, फुलीबाई.

"वाघाशी?" बाचं ऐकून ती खो खो हसली. "अरे, तुझा बाप कोल्ह्यालाही वाट द्यायचा!" बाचा चेहरा बघवेना. मला त्याची दया आली आणि हसूही आवरेना.

सागाखाली दोन थडगी होती. आजोबांच्या उशाशी एकच दगड. शेजारी मात्र नदीतल्या गोट्यांचा ढीग, माझ्या कमरेपर्यंत.

"ही तुळशी, तुझी आई," फुलीबाई बाला म्हणाली. "पाड्याची सुईण. दुष्काळात सगळे खाली उतरले, तुलाही त्यांच्यासोबत धाडलं, पण माझे दिवस भरले होते म्हणून ही मागे राहिली. तिचा नवराही तिच्यासाठी थांबला. दोघं इथेच उपाशी गेली. पुढे माणसं परतली, आणि तिने सोडवलेल्या प्रत्येक लेकरामागे एकेक दगड आणून ठेवला."

मग ती पोराकडे वळली. "दिवाल्या, यातला पहिला दगड तुझा. मीच ठेवलाय."

दिवाल्याच्या हाताची घडी सुटली. त्याने फेटा काढला आणि ढिगापुढे गुडघे टेकले. बाने सगळी दारू आईच्या दगडांवर ओतली. तो रडत होता. मला रडू आलं नाही. त्या बाईची नात म्हणून मी ताठ उभी होते, आणि आयुष्यात इतका अभिमान मला कधी वाटला नव्हता.

"पोराला कधी आणता?" दिवाल्याने हळूच विचारलं.

"पोरगा नाही येणार, काका," मी म्हटलं. "तुम्हीच खाली या मागणी घालायला. तुळशीबाईच्या घरी."

आमच्यात मागणी मुलाकडचे घालतात, म्हणून सोयरे त्याला हसले, नावं ठेवली. पण दिवाल्या आला.