रुक्मिणीची सायकल

मागून घंटी ऐकू आली तशी वनमालाने छत्री उजवीकडे कलती केली. तोंड दिसायला नको.

"वनू, पुढे जाते गं!" म्हणत रुक्मिणी शेजारून निघून गेली.

भांडुपच्या चाळीपासून मुलुंडच्या औषध कंपनीपर्यंत पाऊण तासाची चाल. कामाला जाताना दोघी चार वर्षं ती एकाच छत्रीखाली चालल्या होत्या, सासवांना नावं ठेवत. गिरण्यांचा संप झाला, दोघींचे नवरे घरी बसले, तरी त्यात खंड पडला नव्हता. मग मार्चमध्ये रुक्मिणीला तिच्या भावाने मुलीची जुनी लेडीज सायकल दिली, आणि चाळीमागच्या मैदानात पंधरा दिवस धडपडून ती शिकली. चाळिशीला आलेली बाई!

आता मे होता. रुक्मिणी सगळ्यांच्या आधी पोचायची, तोंड धुऊन पंख्याखालची खुर्ची धरायची. वनमाला पोचेपर्यंत तिचं पोलकं पाठीला चिकटलेलं असायचं आणि तिच्यासाठी कोपऱ्यातली, तापलेल्या पत्र्याखालची जागा उरायची. घरी तिचा नवरा गुणाजीही एकदा जेवताना म्हणाला होता, "तूपण शिक की. तिला जमलं ना?" वनमालाने आमटीची वाटी त्याच्यापुढे आपटली होती.

आज छत्री सरळ करताना तिला रुक्मिणीचा पदर दिसला. कमरेला खोचलेला सुटून मागच्या चाकाशी लोंबत होता. 'अगं, पदर!' एवढंच ओरडायचं होतं. शब्द तोंडात आलेही. तेवढ्यात रुक्मिणीने मान वळवून मागे पाहिलं, हसली, आणि वनमालाने तोंड मिटलं.

पन्नासेक पावलांवर सायकल आडवी झाली.

वनमाला धावली. रिक्षा तिनेच थांबवली, हॉस्पिटलात फॉर्मही तिनेच भरला. उजवं मनगट मोडलं होतं.

दुसऱ्या दिवशी पंख्याखालची खुर्ची रिकामी होती. वनमाला तिथे जाऊन बसली. वारा छान लागत होता. जेवणाच्या सुट्टीपर्यंत तिला दुसरं काही आठवलंसुद्धा नाही. डबा मात्र तिने आपल्या कोपऱ्यात जाऊन उघडला.

रविवारी संध्याकाळी ती रुक्मिणीकडे गेली. हात प्लास्टरमध्ये, तरी रुक्मिणीने डाव्या हाताने चहा केला. नवऱ्याने दुरुस्त केलेली सायकल दाराबाहेर उभी होती.

"ही ने तू," रुक्मिणी म्हणाली. "दीड महिना नुसती पडून राहील. आमचे हे शिकवतील तुला."

"नको गं."

"ने म्हणते ना. एवढ्या उन्हात चालतेस."

वनमालाने कप खाली ठेवला. "रुक्मिणी, तुझा पदर सुटलेला मला दिसला होता. मी बोलले नाही."

रुक्मिणीने प्लास्टरच्या कडेचा दोरा ओढला.

"मला वाटलं, साडी बघतेयस," ती म्हणाली. "नवी होती ना. बघतेयस म्हणून बरं वाटलं मला. मुद्दाम जोरात पायडल मारलं."

निवलेला चहा दोघी तसाच प्यायल्या.

दुसऱ्या दिवसापासून कामावरून आल्यावर मैदानात शिकवणी सुरू झाली. रुक्मिणीचा नवरा कुंडलिक सीट धरून मागे पळायचा आणि दमून "वहिनी, पुढे बघा, चाकाकडे नको!" असं ओरडायचा. रुक्मिणी कट्ट्यावर बसून हसायची. वनमाला पडली की सगळ्यात मोठ्याने हसायची.

शनिवारी कुंडलिकने हात सोडला आणि वनमालाला ते कळलंही नाही. ती मैदानाच्या टोकापर्यंत गेली, वळली, तोल सावरत परत आली. कुंडलिकने टाळ्या वाजवल्या. कट्ट्यावरून कुणी हसलं नाही.

"पुरे आता, वनू," रुक्मिणी म्हणाली. "उतर. टायर जुने आहेत."

वनमालाला ते नीट ऐकू आलं. तिने घंटी वाजवली आणि आणखी एक फेरी मारायला निघाली.