घडी मोडलेलं लुगडं

कुलसुमनं मागावर विणलेलं डाळिंबी लुगडं टाऊन हॉलात दरबारनं भरवलेल्या कापडांच्या प्रदर्शनात जाणार, पसंत पडलं तर तिथल्या काचेच्या कपाटात कायमचं राहणार, म्हणून अख्खी गल्ली हरखली होती. कुलसुमचं तोंड तेवढं उतरलेलं.

"विठाबाई, कुणाच्या अंगालाच लागायचं न्हाय गं ते. तू तरी घडी मोड. घटकाभर नेस, मग देऊन येऊ."

शेजारणीचं मन कसं मोडायचं, असं म्हणेपर्यंत विठाबाईचं नेसूनसुद्धा झालं. मग घरात बसवतंय कशाला? शालूबाईला काठ दाखवला, धोंडुबाईला पदर दाखवला, गल्लीत फेरी मारली. ती फेरी काही संपेना. शेवटी कुलसुमच धावत आली.

"अगं, बाराच्या तोफेला कापडं घ्यायची बंद करत्यात!"

सोडायला वेळ कुठला? दोघी तशाच पळाल्या.

दारातल्या कारकुनानं हात पुढं केला. "कापड?"

"हे काय, नेसलंय की," विठाबाई धापा टाकत म्हणाली.

"नेसलेलं चालत नाही. कोरं पाहिजे."

"कोरंच हाय. सकाळी घडी मोडली, एवढंच."

"मग कोरं कसलं, बाई?"

कुलसुम नुसती भिंतीला टेकली. विठाबाई चरकली. आपल्या मिरवण्यापायी हिची सगळी मेहनत पाण्यात!

आत बघ्या बायका कंटाळून पुढं सरकत होत्या. कपाटांत लुगडी घड्या घालून ठेवलेली, बघणार काय? तेवढ्यात एका थोराघरच्या बाईंचं दाराकडं लक्ष गेलं.

"अगंबाई, हा पदर बघा! जरा फिरा हो."

विठाबाई फिरली. दुसरीनं निऱ्या बघितल्या, तिसरी काठच चाचपायला बसली. बघता बघता कपाटांपुढं कुणी उरेना. गलका ऐकून व्यवस्थापक बाहेर आले. त्यांनी गर्दी बघितली, मग काठ निरखला.

"हे लुगडं घ्या," ते कारकुनाला म्हणाले. "आज बाईंच्याच अंगावर राहू दे. उद्यापासून कपाटात."

मग काय, विठाबाई कमानीखाली ताठ उभी आणि कुलसुम शेजारी, विचारील तिला वीण समजावत. हसू तिच्या तोंडात मावेना.

दिवस कलताना विठाबाईचा नवरा, पिराजी, शोधत आला.

"घरात चूल न्हाय पेटली, आन् तू हितं हुबी? चल!" त्यानं मनगट धरलं.

"हात लावू नगासा. दरबारचा माल हाय."

"तू?"

"लुगडं, भाऊजी," कुलसुम म्हणाली. "हिला न्या की खुशाल. पर लुगडं हितंच ठेवायचं हाय."

पिराजीनं बायकोकडं बघितलं, लुगड्याकडं बघितलं, आणि त्याच्या ध्यानात आलं. आता त्यालाच घरी जाऊन, बायकोचं जुनं लुगडं काखेत मारून भर पेठेतनं परत यायचं होतं.