नऊ लुगडी

पौडचे तालुक्याचे सामने पाच दिवसांवर आले होते, आणि कासारसाईच्या शाळेतल्या मुली सरावात रोज मुलांकडून हरत होत्या. एकोणीसशे बासष्ट साली शाळेत पहिल्यांदाच मुलींचा खो-खोचा संघ उभा राहिला होता. सातवीतली जया त्याची कप्तान. पळण्यात कुणीच कमी नव्हती. पण एक हात परकर सावरण्यातच अडकायचा. त्या दिवशी धनगरवाड्यावरची सुंदरा परकरात पाय अडकून तोंडावरच आपटली.

शेडगे गुरुजी हताश होऊन म्हणाले, "पोरींनो, एका हातानं खो-खो होत नाही."

जया चिडूनच घरी आली. आई, रत्नाबाई, खळ्यावर भात झोडत होती. काष्टा घट्ट मारलेला. पेंढी उचलायची, दणादण आपटायची, मध्येच धावत जाऊन कोंबड्या हाकलायची. दोन्ही हात मोकळे! जया बघतच राहिली.

"आये, तुझं जुनं लुगडं दे. नेसून खेळायचंय."

"येडी का काय! लोक म्हनत्याल, पोरगी लग्नाला आली."

"आन् परकरात पाय अडकून पौडात पडले, मग काय म्हनत्याल?"

रत्नाबाईला हसू फुटलं. हातातली पेंढी टाकून ती लेकीबरोबर निघाली. अंधार पडायच्या आत दोघींनी आळी पालथी घातली आणि नऊ लुगडी गोळा केली. कुणाचं विटलेलं, कुणाचं फाटल्यावर दांड घालून जोडलेलं. दुसऱ्या दिवशी गुडघ्यापर्यंत खोचून मुली मैदानात उतरल्या, आणि चौथ्या दिवशी त्यांनी मुलांना हरवलं.

पौडला त्यांना बघताच समोरच्या मुली खिदळल्या, "सासवा आल्या गं, सासवा!"

जयाचे कान तापले. तिनं काष्टा आणखी घट्ट खोचला. सामना असा रंगला की बघणारे रेषेपर्यंत सरकले. शेवटच्या डावात दोन्हीकडे गुण सारखे. मिनिटभर उरलेलं. समोरची उंच, काटकुळी पोरगी काही केल्या हाती लागेना. सुंदरा तिच्या मागे सुसाट आली आणि खांबाजवळ बसलेल्या जयाच्या पाठीवर थाप पडली, "खो!"

जया उसळून उठली. पोरगी खांबाला वळसा घालू लागली. आता पळून गाठणं शक्यच नव्हतं. जयानं एका हातानं खांब धरला नि सगळं अंग हवेत झोकून दिलं. बोटांना टाच लागली!

शिट्टी वाजली. गुरुजींची टोपी वर उडाली. बैलगाडीतून आलेल्या बायकांमध्ये रत्नाबाई उभी राहून ओरडत होती, "माजी जया! माजी जया हाय ती!"

जया उठली तेव्हा कोपर सोललेलं, तोंडात माती. थुंकून तिनं गुरुजींना विचारलं, "फुडचा सामना कवा हाय?"

"अर्ध्या तासानं. जरा दम घ्या."

"अर्धा तास कशाला, गुरुजी? लगीच लावा की!"