हुलीच्या अंगणातली खुरपी

मी एक जुनी खुरपी आहे. किती जुनी, ते माझ्या पात्याकडे बघूनच ओळखा, मित्रांनो. एके काळी ते तळहाताएवढे रुंद होते, आता दोन बोटांवर आले आहे. पण मी रडगाणे मुळीच गाणार नाही. मी झिजले ती काम करकरून झिजले, आणि त्याचा मला भारी तोरा आहे.

माझा जन्म बंगळूरच्या शिवाजीनगरात, बाजारामागच्या एका लोहाराच्या भट्टीत झाला. त्याआधी मी एका जटक्याच्या, म्हणजे आपल्या टांग्याच्या, कमानीचा तुकडा होते. घोड्यामागे गावभर फिरून थकलेले ते पोलाद लोहाराने लालबुंद केले, ठोकून ठोकून सपाट केले आणि पाण्यात बुडवले. चर्र झाले, वाफ उठली आणि मी खुरपी झाले! बाभळीची मूठ बसली. मग शिवाप्पा माळ्याने मला दगडावर टणकन आपटून, कान देऊन ऐकले आणि विकत घेतले. हजार भाज्यांमधून एक दोडका निवडावा तशी मला निवडली, बरे का.

शिवाप्पा दर रविवारी बसवनगुडीला नरसिंहरावांच्या घरी बागकामाला जायचा. तो बेळगावकडचा. मराठी बोलता बोलता कानडीत कधी शिरला, ते त्याचे त्यालाही कळायचे नाही. नरसिंहरावांचे घरही तसेच. पिढ्यान्‌पिढ्या बंगळूरला राहिलेले मराठी कुटुंब ते. घरात नरसिंहराव, त्यांची पत्नी चंद्राबाई, तेरा वर्षांची मुलगी अनुसूया आणि तिचा कुत्रा हुली. हुली म्हणजे कानडीत वाघ. हा वाघ पालीला घाबरायचा.

अंगणात दगडी फरशी होती आणि तिथून फाटकापर्यंत खडीची वाट. फरशीच्या फटींत काय काय उगवायचे! हरळी, घोळ, पांढऱ्या चिकाची दुधी आणि माझा सात जन्मांचा वैरी लव्हाळा. लव्हाळ्याची पाने वरून ओढली की तो मनातल्या मनात हसतो, कारण त्याची गाठ खाली मातीत सुखरूप असते. माझे टोक फटीत तिरपे घालून ती गाठच उकरावी लागते.

शिवाप्पाला घाई माहीतच नव्हती. तो आधी हुलीला पेरूच्या सावलीत पोते अंथरून द्यायचा आणि दोरीने बांधायचा, कारण मी जिथे उकरीन तिथे नाक खुपसायची हुलीला खोड होती. "स्वल्प, जरा तिकडंच बस रे राजा, नाक कापलं तर अनुसूयाक्का मला घरात घेणार नाही," असे त्याला समजावायचा. उपटलेले गवत लगेच टोपलीत, म्हणजे दुधीचा चीक कुत्र्याच्या डोळ्यात जायला नको. अगदीच हट्टी मुळांवर न्हाणीतल्या हंड्याचे उकळते पाणी ओतायचा. पण तेव्हा हुली घरात आणि दार बंद. फरशी निवली की स्वतःचा अनवाणी पाय टेकवून बघायचा, मगच दार उघडायचे. शेवटी फटींत वाळू ठासायची. आणि मला? धुऊन, पुसून, एरंडेल चोपडून नरसिंहरावांच्याच वळचणीला, पुढच्या रविवारपर्यंत. राणीसारखी!

मग १९५८चा पावसाळा आला. भाऊ आजारी म्हणून शिवाप्पा गावी गेला तो तीन महिने परतलाच नाही. लव्हाळ्याने अंगणात राज्य मांडले. गौरी चार दिवसांवर आल्या आणि चंद्राबाईंचा धीर सुटला. फाटकापासून देवघरापर्यंत गौरीची पावले काढायची, ती काय गवतावर? त्यांनी नरसिंहरावांच्या मागे टुमणे लावले. नरसिंहराव मला घेऊन बसले खरे, पण अर्ध्या तासात त्यांची कंबर धरली, बोट खरचटले, आणि मला पायरीवर टाकून ते उठून गेले. पावसात मी तशीच पडून राहिले. पहिल्यांदा गंज चढला, मित्रांनो. लोखंडालाही वाईट वाटते.

दुसऱ्या दिवशी ते कुणा ओळखीच्या माणसाकडून एक डबा घेऊन आले. आत जाड्या मिठासारखी पांढरी पूड. टाकली की गवत मुळासकट खलास, असे त्यांना सांगितले होते. संध्याकाळी त्यांनी एका करवंटीत ती काढली आणि मूठ मूठ खडीवर टाकली. तेवढ्यात पाऊस भुरभुरला. उरलेली पूड करवंटीसकट दाराशेजारच्या कट्ट्यावर ठेवून ते आत पळाले.

आता खरी गंमत, म्हणजे गंमत कसली, माझे पाते आजही गार पडते. चंद्राबाईंची रांगोळीसुद्धा करवंटीतच असायची, त्याच कट्ट्यावर! रांगोळी घरात कुठे ठेवतात, हे नरसिंहरावांना वीस वर्षांच्या संसारात ठाऊकच नव्हते.

सकाळी अंधुक उजेडात चंद्राबाईंनी सडा घातला, हाताला लागली ती करवंटी उचलली आणि दारासमोर ठिपके मांडून सुरेख रांगोळी काढली. त्या आत वळतात न वळतात तोच हुली आला आणि सवयीप्रमाणे त्या रांगोळीवर ऐसपैस लोळला. मी दोन हातांवर होते. ओरडायला तोंड असते तर! नुसती मूठ आणि पाते घेऊन मी बघत राहिले.

अनुसूया दात घासत बाहेर आली. हुलीला रागे भरणार, तोच तिची नजर फरशीवर गेली.

"आई," ती म्हणाली, "रांगोळी विरघळतेय."

चंद्राबाई आतूनच म्हणाल्या, की दगडाची पूड कधी विरघळते का, झोपेत आहेस.

"ये ना बघायला. पाणी होतंय तिचं."

नरसिंहराव दारात आले, कट्ट्यावर बघतात तर त्यांची पुडीची करवंटी रिकामी. "अनू, त्याला चाटू देऊ नकोस," एवढेच त्यांच्या तोंडून निघाले.

हुलीने पुढचा पंजा तोंडाजवळ नेलेला होता. अनुसूयाने झेप घेतली, एका हाताने त्याचे तोंड मिटून धरले, दुसऱ्याने त्याला उचलले आणि थेट न्हाणीत नेले. साबण लावून, तांब्यामागून तांब्या पाणी ओतून पंजे, पोट, शेपूट सगळे धुतले. मग जटका बोलावून जनावरांच्या दवाखान्यात. डॉक्टरांनी डबा मागून घेतला, वास घेतला, हुलीच्या हिरड्या बघितल्या. किती चाटले ते कळत नाही, म्हणाले. उद्या सकाळी नीट खाल्ले तर काळजी नाही.

उद्या सकाळी! केवढा लांबचा पल्ला तो.

घरी आल्यावर हुली पोत्यावर गप्प पडला. चंद्राबाई त्याच्याजवळ बसल्या. "आयुष्यभर रांगोळी घातली मी," त्या हळूच म्हणाल्या, "आणि मला रांगोळी ओळखता आली नाही."

"माझी करवंटी होती ती," नरसिंहराव म्हणाले. "तुझी चूक नाही."

अनुसूयाने हाताला जाड फडके गुंडाळले आणि मला पायरीवरून उचलले. हुलीला काही सांगता येत नाही, मग निदान जमीन तरी स्वच्छ करू, असा तिचा हिशोब असावा. खडीचा पुडीने माखलेला वरचा थर तिने माझ्याने खरवडून डब्यात भरला. नरसिंहरावांनी झाकण लावले आणि डबा ज्याचा त्याला परत नेऊन दिला. दारासमोरची फरशी तिने फडक्यांनी टिपून काढली, ती फडकीही डब्यातच गेली. मग ती लव्हाळ्याकडे वळली. पहिल्यांदा पानेच तुटली. दुसऱ्यांदाही. तिसऱ्यांदा तिने मला तिरपे धरले आणि गाठ वर आली. वा गं पोरी! चंद्राबाई पदर खोचून दुसऱ्या टोकाला उलथने घेऊन बसल्या. दोघींचे अर्धे अंगण होईतो ऊन उतरले.

सकाळी अनुसूयाने दहीभाताची ताटली हुलीसमोर ठेवली. त्याने वास घेतला. तोंड फिरवले. तिचा श्वास माझ्या मुठीपर्यंत ऐकू आला. मग हुलीने पुन्हा मान वळवली, एक घास खाल्ला, दुसरा खाल्ला आणि ताटली ढकलत ढकलत पार माझ्यापर्यंत आणली. अनुसूया हसायला गेली आणि रडली.

गौरी आल्या तेव्हा अर्ध्या अंगणात लव्हाळा तसाच डोलत होता. शेजारणीने विचारले, की हे काय चंद्राबाई, यंदा साफ नाही केलंत?

"गौरीला गवत चालतं," चंद्राबाई म्हणाल्या आणि पावले गवताच्या कडेकडेने काढत गेल्या.

तेव्हापासून मी अनुसूयाची. माझ्यासारखी एखादी खुरपी तुमच्याही घरी कुठेतरी गंजत पडली असेल, मित्रांनो. तिला शोधा, पुसा, थोडे तेल लावा. फटींतले गवत काढायला वेळ लागतो, कंबरही दुखते, मान्य. पण आधी तुमचा कुत्रा कुठे आहे ते बघा, त्याला सावलीत बसवा आणि मगच मुठीला हात घाला.