जानव्याची किल्ली

मांडवीच्या चिंतामणी लिमयांची पाठ सहा महिने दुखत होती. एक्स-रे स्वच्छ निघाला, तेव्हा बायकोला, लीलाताईंना ते म्हणाले, "बघ, उगाच ओरड तुझी." पण रक्ताचा रिपोर्ट पाहून डॉक्टरांना हाडाच्या मज्जेच्या कॅन्सरची शंका आली. सगळ्या अंगाचा एमआरआय करून या, मुंबईला, म्हणाले. एक्स-रेत हाड झिजल्यावर कळतं, यात आधी. सगळा जन्म आंब्यात गेलेल्या चिंतामणींना ते लगेच पटलं. बाहेरून पिवळाधमक हापूस आणि आत साका धरून नासलेला गर, हे कापल्याशिवाय कुणाला कळलंय! "न कापता दिसतं म्हणता? मग एक पेटी पण नेऊ का?"

मुंबईत यंत्रापाशी घोडं अडलं. चिंतामणींच्या जानव्याला कपाटाची किल्ली होती. "आजोबा, अंगावर लोखंड चालत नाही," तिथली मुलगी म्हणाली. चाळीस वर्षं ती किल्ली आंघोळीलासुद्धा उतरली नव्हती. लग्नातला शालू हवा असला तरी लीलाताईंना अर्ज करावा लागे, आणि अर्ज बहुतेक नामंजूर होई. चिंतामणींनी चहूकडे पाहिलं. ओळखीचं दुसरं कुणी नव्हतं. शेवटी किल्ली बायकोच्या हातात आली. "हरवू नकोस," एवढं बजावून ते पाऊण तास त्या ठणाणणाऱ्या नळकांड्यात निपचित पडले.

मणक्यात तीन आणि खुब्यात एक, असे चार डाग निघाले. हाड अजून मोडलेलं नाही, वेळेत सापडलंय, गोळ्या लगेच सुरू करा, असं डॉक्टरांनी सांगितलं.

घरी आल्यावर चिंतामणी भिंतीकडे तोंड करून पडले. गोळ्या तशाच. "कशाला आता? झालं की सगळं." चार दिवस झाले, किल्ली काही मागितली नाही. लीलाताई ती पदराच्या गाठीत बांधून वावरत होत्या. मेली ती किल्ली! चाळीस वर्षं जिच्यावर डोळा होता, ती आता पदराला नकोशी झाली.

पाचव्या दिवशी सकाळी त्यांनी कपाट दोनदा उघडलं, दोनदा बंद केलं. मग खाटेपाशी गेल्या.

"अहो, उठा. ते कुलूप माझ्याच्यानं उघडत नाही. शालू काढायचाय."

"आत्ता कसला शालू?"

"मार्गशीर्षात तुमच्या भाचीचं लग्न आहे. मी एकटी जाऊ?"

चिंतामणींनी भिंतीकडचं तोंड वळवलं. मग कण्हत, कुरकुरत उठले. "चाळीस वर्षं संसार केलास, एक कुलूप उघडता येत नाही. दे इकडे."

शालू काढून दिला, कुलूप लावलं, ओढून पाहिलं, आणि किल्ली जानव्याला बांधायला लागले. गाठ बसेना. लीलाताईंनी बांधून दिली.

"घट्ट बांध," चिंतामणी म्हणाले. "आणि ती गोळी जेवणाआधी घ्यायची की नंतर गं?"